नववं कलम

त्या बुधवारी दुपारी वारा असा सुटला होता की रस्त्यावरचा प्रत्येक जण काही ना काही धरून चालत होता. कुणी टोपी, कुणी छत्री, कुणी नुसताच दिव्याचा खांब. चष्म्याच्या दुकानाचं दार ढकलून आत आलेल्या तरुणाने मात्र नको ते धरलं होतं. छातीशी कवटाळलेली कागदांची पिशवी शाबूत होती, आणि चष्म्याची चेंदामेंदा झालेली फ्रेम शर्टाच्या खिशातून डोकावत होती.

"बसमधून उतरताना उडाला," तो म्हणाला, "आणि मागची बस त्याच्यावरून गेली."

हे तो दाराजवळ जाहिरातीसाठी उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या बाईला सांगत होता.

"मी इकडे आहे," काउंटरमागून आवाज आला.

"अच्छा..." त्याने मान वळवली. "तरीच. ती जरा जास्तच हसत होती."

काउंटरमागच्या मुलीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. तिला घरी आणि दुकानात सगळे 'पक्की' म्हणायचे. लहानपणी तिला काहीही विचारलं की ती "पक्कं" असं उत्तर द्यायची, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. वय सत्तावीस. आठवडाभर लोकांचे डोळे तपासायचे आणि रविवारी वडिलांच्या देवळात मुलांना शास्त्र शिकवायचं, असं तिचं नाकासमोरचं आयुष्य होतं. तिचे बाबा त्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तिने त्याला खुर्चीत बसवलं, समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला आणि काचा बदलायला सुरुवात केली.

"पहिली बरी की दुसरी?"

"दोन्ही सारख्याच."

"सारख्या कधीच नसतात. एक बरी असते."

"मग पुन्हा दाखवा... पहिली. नाही, थांबा. दुसरीत अक्षर जास्त काळं दिसतंय, पण पहिलीत ते जास्त... अक्षरासारखं दिसतंय."

"तुम्ही नेहमी इतका विचार करता?"

"कामच ते आहे. छापखान्यात मुद्रितं तपासतो. छापायच्या आधी चुका शोधतो."

"आणि नाही सापडल्या तर?"

"तर वाटतं, आपलंच कुठेतरी चुकलंय."

ती या वेळी हसली. समोर सगळं धूसर दिसत होतं, तरी तो तिच्या हसण्याच्या दिशेने बरोबर बघत होता.

"परवा मिळेल चष्मा," ती कार्डावर नंबर लिहीत म्हणाली.

"परवापर्यंत मी आंधळा. आणि एका पाळकांची पुस्तिका सोमवारी छपाईला जायचीय. 'आमच्या विश्वासाची बारा कलमे'."

तिचं पेन थांबलं. ती बारा कलमं बाबांच्या गिचमिड अक्षरातून तिनेच स्वच्छ उतरवून दिली होती. तिने वर न बघता विचारलं, "कशी आहे?"

"भाषा सुरेख. लिहिणारा माणूस प्रामाणिक आहे, ते स्वल्पविरामांवरूनसुद्धा कळतं. फक्त नवव्या कलमापाशी माझी पेन्सिल अडली."

"शुद्धलेखन चुकलंय?"

"शुद्धलेखन बरोबर आहे," तो हळूच म्हणाला.

तिने कार्डावरची तारीख खोडली. "उद्या या. सहा वाजता."

बाबांची पुस्तिका अडायला नको म्हणून आपण एक दिवस अलीकडे आणला, असं तिने स्वतःला बजावलं. संध्याकाळभर दोनतीनदा बजावावं लागलं.

घरी बाबा जेवणाच्या टेबलावर मुद्रितं पसरून बसले होते. ती मुद्रितं त्याच दुपारी छापखान्यातून आली होती. भिंग हातात, कपाळाला आठी.

"पक्के, हे बघ. बारा पानांत सात चुका काढल्यात. सातही बरोबर. पण इथे नवव्या कलमाच्या समोर पेन्सिलीने नुसतं प्रश्नचिन्ह. याचा अर्थ काय?"

कलम तिला पाठ होतं. 'जो मनुष्य प्रभूवर विश्वास न ठेवता मरण पावतो, त्याला सार्वकालिक शिक्षा आहे. यास अपवाद नाही.'

"त्याला काहीतरी विचारायचं असेल."

"छापखान्याने शब्द बघावेत. सिद्धांत आम्ही बघू." बाबांनी रबर घेतलं आणि कागद फाटणार नाही इतक्या हलक्या हाताने ते चिन्ह खोडलं. बाबा रागावले की त्यांचा हात नेहमीपेक्षा हलका व्हायचा. शनिवारी मंडळीतल्या म्हाताऱ्यांचे बूट घरी आणून पॉलिश करून देणारा हा माणूस होता. त्यांना कठोर म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असतानाच तो हजर झाला. तिने नवा चष्मा त्याच्या कानांमागे नीट बसवला, दोन पावलं मागे सरकली.

"स्पष्ट दिसतंय?"

"हो... आता पंचाईत आहे."

"कसली?"

"काल अंदाजाने बोलत होतो. आता बघून बोलावं लागणार."

तिचे कान तापले. म्हणून तिने एका दमात सांगून टाकलं, "ते पाळक माझे बाबा आहेत. तुमचं प्रश्नचिन्ह त्यांनी खोडलं."

त्याचा चेहरा मात्र पडला नाही. "खोडणारच. मी त्यांच्या जागी असतो तर मीही खोडलं असतं. पण तुम्ही सांगा, तुमचा विश्वास आहे त्या कलमावर?"

"पक्का."

"मग बाहेर चहा घेऊ या का? इतकं पक्कं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नाही."

चहा झाला. मग पुढच्या गुरुवारीही झाला. मग गुरुवारची वाट बघणं दोघांनाही जमेना, आणि दुकान बंद झालं की नदीच्या पुलावरून चालत जाणं हा रोजचा नेम झाला. चुका शोधतो म्हणून छापखान्यात सगळे त्याला 'शोधक' म्हणत, आणि आता तीही म्हणू लागली होती. तोही ख्रिस्ती होता, पण पुलापलीकडच्या देवळातला. तिथे उपासनेनंतर लोक अर्धा तास थांबून प्रश्न विचारत.

"उत्तरं मिळतात?" तिने विचारलं.

"कधी कधी. पण प्रश्न विचारणारे पुढच्या रविवारी परत येतात, तेवढं खरं."

"आमच्याकडे उत्तरं आधीच असतात."

"म्हणून तुम्ही लवकर घरी जाता."

ती त्याच्याशी तावातावाने भांडायची. शास्त्रवचनं तिच्या जिभेवर असायची. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "याच्या आधीचं वचनही म्हणा ना." आणि ते वचन नेमकं दयेचं निघायचं. कधी ती जिंकायची, कधी तो. एकदा पाऊस आला तेव्हा छत्री एकच होती. अर्धी भिजलेली ती म्हणाली, "तू इकडे सरक ना जरा," आणि 'तुम्ही' पुलावर कुठेतरी मागेच राहून गेलं. दोघांच्याही ते लक्षात आलं. दोघांनीही तसं दाखवलं नाही.

महिन्याभराने तो म्हणाला, "मावशीला भेटशील? तिनेच वाढवलंय मला."

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहायची. रुंद खांदे, आखूड पांढरे केस, मोठा आवाज. तिने तीस वर्षं तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवलं होतं. निम्म्या गावाला तिने पाण्यावर तरंगायला लावलं होतं म्हणा ना. शोधकची आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, तो चार वर्षांचा असताना गेली. तेव्हा मावशीने लग्नाचा विचार बाजूला ठेवला आणि पोराला घरी आणलं. दर रविवारी ती त्याला देवळाच्या दारापर्यंत सोडायची आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायची.

"तुम्ही आत का नाही गेलात?" पक्कीने सूप वाढून घेत विचारलं.

"विसाव्या वर्षी माझा आणि देवाचा पत्रव्यवहार थांबला," मावशी म्हणाली. "भांडण नाही काही. मी लिहायचं सोडलं, त्यानेही तगादा लावला नाही. पण याच्या आईचा विश्वास होता. तिचं पोर तिच्या देवाकडे नेऊन सोडणं माझं काम."

जेवण रंगलं. मावशीने शोधकच्या लहानपणच्या फजित्या सांगितल्या. पाण्याला घाबरून तो तिच्या मानेला कसा लटकायचा, आणि एकदा तर तिच्या कानाला कसा चावला होता, हेही सांगितलं. पक्की पोट धरून हसली. मग फळं कापता कापता मावशीने अगदी सहज विचारलं, "तुझ्या बाबांची पुस्तिका आणली होती याने. वाचली मी. त्या नवव्या कलमाप्रमाणे माझं काय होणार गं?"

शोधक म्हणाला, "मावशी, राहू दे ना."

"का? ती शिकवते ना मुलांना? मला माहीत करून घ्यायचंय. रागावणार नाही मी."

पक्कीने तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. रविवारी वीस मुलांसमोर तिने ते कितीदा दिलं होतं. पण समोर ही बाई सुरीने सफरचंदाची साल काढत बसली होती, आणि सोललेली प्रत्येक फोड न विचारता तिच्याच बशीत टाकत होती.

"मला... माहीत नाही," पक्की म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा ते शब्द तिच्या तोंडून निघाले होते. मावशीने मान डोलावली. "प्रामाणिक आहेस. खा."

खाली उतरल्यावर मात्र ती त्याच्यावर उखडली. "तू मुद्दाम आणलंस मला इथे."

"जेवायला आणलं. तिने विचारेपर्यंत मलाही कल्पना नव्हती."

"तुला प्रश्न पडले की तू चष्मा पुसतोस आणि पुढे जातोस. माझं तसं नाही. आई गेली तेव्हा बाबा आणि मी याच बारा कलमांवर उभे राहिलो. आई कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे, ते त्यांच्याचमुळे. एक काढलं तर बाकीच्यांचं काय? सांग ना."

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "पण तुझ्या आईची काळजी मला वाटत नाही. मावशीचीही नाही."

"तुला नाही वाटत. छान." ती एकटीच पूल ओलांडून गेली.

तीन आठवडे ती त्याला भेटली नाही. दुकानात पुठ्ठ्याची बाई हसत उभी असायची, तिचाही तिला राग यायला लागला. कुणी "दोन्ही काचा सारख्याच वाटतात" असं म्हटलं की तिचा हात मध्येच थांबायचा.

मग वर्षारंभाचा रविवार आला. त्या दिवशी रविवारच्या शाळेतले सगळे शिक्षक मंडळीसमोर उभे राहून बारा कलमं मोठ्याने म्हणत. आता तर पुस्तिका छापून आली होती, प्रत्येकाच्या हातात एकेक होती. शिक्षक आठ होते. पहिल्या कलमापासून आठव्यापर्यंत पक्कीचा आवाज नेहमीप्रमाणे सगळ्यांत खणखणीत होता. नवव्याला तिने पुस्तिका मिटली आणि गप्प राहिली. दहाव्याला पुन्हा म्हणू लागली.

कदाचित कुणाच्या लक्षात आलंही नसतं. पण व्यासपीठावरच्या बाबांना सत्तावीस वर्षं ओळखीचा आवाज तेवढ्या एका वाक्यापुरता ऐकू आला नाही, आणि त्यांनी मान वर केली. मंडळीतल्या दोघा वडीलजनांनी बाबांची मान वर झालेली पाहिली. संध्याकाळपर्यंत ठरलं, की तिने काही काळ वर्ग घेऊ नये.

ती रडली. वीस मुलांपैकी कुणाला चित्रं लागतात, कुणाला गोष्ट दोनदा सांगावी लागते, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

बाबा तिच्यासमोर स्वयंपाकघरात बसले. बराच वेळ त्यांनी बशीवरचा कप नुसता फिरवला.

"त्या मुलाने तुझ्या मनात भरवलं हे?"

"नाही बाबा. एका बाईने मला साधा प्रश्न विचारला, आणि मला तिच्या तोंडावर ते म्हणता आलं नाही."

"म्हणता न येणं वेगळं आणि ते खरं नसणं वेगळं."

"हो. म्हणून मी ते खोटं आहे असं म्हणाले नाही. गप्प राहिले." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही इतक्या लोकांना माती दिलीत. त्यात विश्वास न ठेवणारेही होते. त्यांची माणसं तिथे उभी असायची. एकाच्या तरी कबरीपाशी तुम्ही नववं कलम वाचलंत?"

बाबा उठले, खिडकीपाशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "नाही."

"का?"

"हिंमत झाली नाही, असंच समजत होतो मी आजवर." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी ते कलम काढणार नाही, पक्के. मला ते शास्त्रात दिसतं, त्याला माझा इलाज नाही. आणि तुझी आई..."

"आई जिथे आहे तिथेच आहे बाबा. मी गप्प राहिले म्हणून ती हलणार नाही."

ते वळले. डोळे ओले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि इतकंच म्हणाले, "जेवण गरम करतो. सकाळपासून खाल्लेलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती छापखान्यात गेली. शोधक यंत्रांच्या खडखडाटात काचेच्या खोलीत वाचत बसला होता. तिला पाहून तो उठला, खुर्ची पडली, ती उचलताना कागद पडले.

"वर्ग गेला माझा," ती म्हणाली.

"ऐकलं मी. माझ्यामुळे–"

"तुझ्यामुळे नाही. सगळ्याचं श्रेय घेऊ नकोस."

ते दोघे बाहेर पुलावर आले. ऊन होतं, आणि नदीवरून गार झुळूक येत होती. तो कठड्याला टेकून उभा राहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. तीन आठवडे मनात घोळवलेलं वाक्य त्याला धड सांगता येईना.

"मी तुझ्या बाबांचं कलम कधीच म्हणणार नाही बहुतेक," तो शेवटी म्हणाला. "तूही माझ्यासारखा विचार करावास असं नाही. आपण भांडू. मला तुझ्याशी भांडायला आवडतं. तीन आठवडे भांडायला कुणी नव्हतं तर... अन्न गोड लागलं नाही मला. माझ्याशी लग्न करशील?"

ती पाण्याकडे बघत राहिली. हिला काहीही विचारलं की क्षणात उत्तर यायचं, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्या शांततेने त्याचा जीव टांगणीला लागला.

"तुला खात्री आहे का, असं विचारू नकोस," ती म्हणाली. "ती नाहीये. पुढे काय होईल, मुलांना आपण काय शिकवू, बाबा कसे घेतील... यातलं काहीही मला ठाऊक नाही."

"मग?"

"मग काय. हो."

त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही. पुलावरून जाणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तेव्हा कुठे ते दोघे बाजूला झाले.

पुढच्या रविवारी उपासना आटोपून बाबा तीन जिने चढून मावशीच्या दारात उभे राहिले. धापा टाकत होते. बूट लखलखत होते. पक्की आणि शोधक त्यांच्या मागे दोन पायऱ्या खाली होते.

मावशीने दार उघडलं. "या पाळकसाहेब. नवव्या कलमात तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंय, ती मी."

शोधकने डोळेच मिटून घेतले. पण बाबा म्हणाले, "मला कल्पना आहे. म्हणूनच आधी तुम्हाला भेटायला आलो. आणि आधीच सांगतो, ते कलम मी बदलणार नाही."

"मीही बदलणार नाही. सूप गार होतंय, आत या."

टेबलावर बोलणी झाली. बाबा सरळ बोलले. बारा कलमं मान्य न करणाऱ्याचं लग्न ते स्वतः लावू शकत नव्हते; तसा मंडळीचा नियम होता आणि तो त्यांनीच केला होता. लग्न पुलापलीकडच्या देवळात व्हावं. ते येतील, मुलीचा हात धरून आत आणतील, आणि पहिल्या बाकावर बसतील.

"आणि तिथले प्रश्न विचारायला लागले तर?" मावशीने विचारलं.

"माझ्याकडे उत्तरं आहेत," बाबा म्हणाले. आणि मग थोडं थांबून, "निदान अकरांची तरी."

पक्कीने झटकन त्यांच्याकडे पाहिलं. ते मात्र हातरुमालाची घडी करत होते.

"जेवणाआधी प्रार्थना करू का? घर तुमचं आहे, म्हणून विचारतो."

"करा की. मी शांत बसेन."

बाबांनी हात जोडले, डोळे मिटले. अन्नाबद्दल आभार मानले, मुलांबद्दल मानले. मग ते म्हणाले, "प्रभू, या बाईने दुसऱ्याचं पोरकं मूल आपलं केलं. दर रविवारी ते तुझ्या दारात आणून सोडलं आणि स्वतः बाहेर बसून राहिली. तू ते पाहिलं आहेस. मी तुला शिकवत नाही. मी फक्त मागतो... शेवटी मी जिथे असेन, तिथे हिलाही जागा असू दे."

"आता आमेन म्हणायचं असतं, नाही का?" मावशीचा मोठा आवाज बराच खाली आला होता. "मला नाही हो म्हणता येणार."

"नका म्हणू," बाबा म्हणाले. "आम्ही तिघं आहोत."

तिघांनी आमेन म्हटलं. मावशीने डोळ्यांच्या कडा मनगटाने पुसल्या, पळी उचलली आणि बाबांची थाळी काठोकाठ भरली.

"एक सांगू का पाळकसाहेब? मी डोळे मिटले नव्हते, म्हणून मला दिसलं. तुमची प्रार्थना चालू असताना ही दोघं टेबलाखाली हात धरून बसली होती."

पक्की लाल झाली. शोधकने चष्मा सावरायला हात वर घेतला, आणि त्या हातात तिचाही हात वर आला.

बाबांनी ते पाहिलं, पावाचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, "त्याला कुठल्याच कलमात मनाई नाही. वाढा."